जांभईचा हात

पार्वताबाईला प्रश्न विचारायची खोड होती. भातकुलीजवळच्या तिच्या गावात माणसं पाऊसपाण्याची चौकशी करत. ही विचारी, मांजर उंचावरून पडलं तरी पायांवरच कसं उतरतं? नवरा नत्थुजी म्हणे, "तुले काय करायचं हाय?" तिला काही करायचं नसे, नुसतं कळून घ्यायचं असे.

कापूस वेचताना मात्र तिला कधी प्रश्न पडला नाही. साता समुद्रापार कुठंशी लढाई जुंपली होती म्हणे, आणि तिच्यापायी वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता; ज्याच्याकडे हातभर काळी जमीन, त्यानं पऱ्हाटी लावलेली. त्या पांढऱ्या शेतातून पार्वताबाई अख्ख्या गावाच्या उखाळ्यापाखाळ्या काढत चाले, आणि हात आपले बोंडामागून बोंड रिकामं करून कमरेच्या ओटीत कापूस टाकत. हातांकडे ती बघतसुद्धा नसे.

होळीच्या सुमारास तिच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. जीभ लवकर सुधारली. गप्प राहणं तिला सोसणारच नव्हतं. पायही फरफटत का होईना, कामाला लागला. उजवा हात तेवढा मांडीवर पडून राहिला. "ऊठ," ती त्याला म्हणे. हात ढिम्म.

तिचा जीव अडकला होता तो सीतादहीत. वेचणी सुरू व्हायच्या दिवशी शेताच्या कोपऱ्यात दहीभात शिंपडायचा आणि घरातल्या थोरल्या बाईनं उजव्या हातानं पहिलं बोंड वेचायचं. तोवर कुणी ओटी बांधायची नाही. सासू गेल्यापासून हा मान तिचा होता. आता हात उठला नाही तर तो जाणार धाकट्या जावेकडे, माणिकबाईकडे. आणि या दोघींचं सख्य विळ्याभोपळ्याचं.

माणिकबाई नत्थुजीसमोर कधी बोलत नसे. तो तिचा भासरा, नवऱ्याचा थोरला भाऊ. त्याच्यासमोर डोक्यावर पदर आणि तोंडाला कुलूप, अशी रीतच होती. त्याची भरपाई ती चुलीपाशी करी.

एका दुपारी पार्वताबाई भिंतीला टेकून बसली असता तिला मोठी जांभई आली, आणि जांभईबरोबर तो मेलेला हात कोपरात दुमडत थेट छातीपर्यंत वर आला! जांभई सरली तसा परत खाली पडला.

"सोंग!" माणिकबाई चुलीपासून ओरडली. "मी म्हनतच व्हती. हात चांगला हाय!"

नत्थुजीच्या कानावर ते गेलंच. "खरं सांग, काहून असं करून राहिली तू?" त्यानं विचारलं.

पार्वताबाईला रडू आलं, पण रडण्याच्या पुढं कुतूहल धावलं. तिनं खोटी जांभई देऊन पाहिली. हात हलेना. खरी जांभई काय मागून मिळते? दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसली. शेवटी नत्थुजीच कंटाळला आणि त्यालाच जांभई आली. ती हिला लागली. हात उठला. नत्थुजीचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

आज एखादा डॉक्टर मेंदूचं आणि नसांचं चित्र काढून हे समजावेल. पार्वताबाईकडे चित्र नव्हतं, जांभई होती. तिनं आपल्यापुरतं ठरवलं: हात जिवंत आहे. डोक्यातून हाताकडे जायला एकाहून जास्त वाटा असणार. जांभईची वाट शाबूत आहे, हुकमाची तेवढी पुरात वाहून गेली. वाहून गेलेली वाट माणसं पुन्हा चालून चालूनच पाडतात.

डावा हात मध्ये मध्ये लुडबुड करतो, हे तिच्या ध्यानात आलं. मग तिनं तो पदरानं कमरेशी बांधून टाकला आणि उजव्यालाच कामाला जुंपला. भाकरी तोंडाऐवजी मातीत गेली, सरकी सांडली. माणिकबाई बघत राही; सोंग म्हणायचं तिनं सोडलं होतं. गाद्यांचा कापूस पिंजणारी खुर्शीदबी एकदा आली, तिनं हा खटाटोप पाहिला आणि हसली. "हाताले काऊन डोळे फाडून पाहून राहिली, बाई? आमच्या घरचे पिंजतानी हाताकडे पाह्यत नाहीत. हात पाह्यला की ताल गेला. तू कापूस पाह्य."

माणिकबाईनंही ते ऐकलं.

पावसाळाभर पार्वताबाईनं कापूस पाहिला. दसऱ्याच्या आसपास बोटं मिटू लागली. घरात, एकटी असताना, वाळक्या बोंडातला कापूस कधी निघे, कधी न निघे.

सीतादहीचा दिवस उजाडला. दहीभात शिंपडून झाला. बाया खोळंबून उभ्या होत्या. सगळ्यांचे डोळे तिच्या हातावर, म्हणून तिचेही हातावर गेले, आणि घात झाला. हात लाकूड झाला. "ऊठ रे बाबा," ती पुटपुटली. नत्थुजीनं मान फिरवली. लाजेनं पार्वताबाईला धरणी दुभंगावी असं झालं.

तेवढ्यात मागून माणिकबाई हळूच कुजबुजली, "मले तं अजूनबी वाटते, सोंगच व्हतं."

पार्वताबाईचा भडका उडाला. "सोंग? माह्यं सोंग? तुह्या लग्नाच्या वर्साले पन्नास मानसाचा भात कोनं करपवला व्हता? नाव माह्यं सांगतलं तू सासूले! समदं सांगू काय आता?" ती मान मागं वळवून बोलत सुटली.

"अवं, तुहा हात..." नत्थुजी ओरडला.

"गप ऱ्हा तुमी! तिचं ध्यान हाताकडे नेऊ नोका!" माणिकबाई कडाडली.

भासऱ्यावर ओरडलेली बाई त्या गावानं पाहिली नव्हती. माणिकबाईचा पदर खांद्यावर घसरला होता. पार्वताबाई तिच्याकडे बघतच राहिली, आणि मग तिनं खाली बघितलं. समोरचं बोंड रिकामं होतं. उजव्या मुठीत कापूस होता.

तिला हुंदका आवरेना. माणिकबाईनं घाईघाईनं पदर डोक्यावर ओढला आणि त्याच्या आडून म्हणाली, "थांबल्या काऊन, जाऊबाई? भांडा ना पुढं. अजून लय बोंडं हायेत."