मुहूर्त आणि वाफसा

दुपारचे जेवण आटोपून मी डाव्या कुशीवर पडले आहे. डोळा लागतो न लागतो तोच विड्याचा वास येतो. कात जास्त, चुना बेताचा. या घरात असा विडा आता कोणी खात नाही.

"सरकार, जरा सरकून घ्या," म्हणत आमचे यजमान पलंगाच्या कडेवर बसतात. त्यांना जाऊन बरीच वर्षे झाली. तरी माझा हात पदराकडे जातो.

"बायकोला सरकार म्हणू नये, असे किती वेळा सांगितले?"

"तुम्ही हुकूम सोडायचे थांबवा, मी म्हणायचे थांबवतो. आज काय आज्ञा झाली आहे?"

मी सांगू लागते. बोलता बोलता पायाखालची फरशी पांढरी, गुळगुळीत होत जाते आणि आम्ही सांगलीच्या दवाखान्यातल्या बाकावर बसलेलो असतो. समोर आमची नातसून ऋजुता तपासणीसाठी निजली आहे. तिचा आणि नातवाचा एकच गर्भ येथे गोठवून ठेवलेला आहे. दुसऱ्याची आशा उरलेली नाही. तो येत्या गुरुवारी, गुरुपुष्यामृतावर, तिच्या गर्भाशयात ठेवावा, असा मुहूर्त मी काढून आणला आहे. परंतु डॉक्टरीणबाईंचे म्हणणे, अस्तर पातळ आहे, थांबावे. काय ते आज संध्याकाळपर्यंत कळवायचे आहे.

"अस्तर? कोटाचे?"

"गर्भाशयाचे! गर्भ ज्यात रुजतो ते. ते पुरेसे जाड व्हावे लागते, सोनोग्राफीत त्याच्या तीन रेघा स्पष्ट दिसाव्या लागतात."

"मग सरळ म्हणा की, वाफसा आलेला नाही, ओल अजून पेरणीजोगी झालेली नाही."

यंत्राच्या काचेवरच्या करड्या रेघा रुंदावतात, काळ्या पडतात, त्यांना ओल्या मातीचा वास येऊ लागतो. आम्ही आमच्या काळ्या रानात उभे आहोत. दवाखान्याचा बाक मात्र तसाच, चिखलात पाय रोवून.

"पोरगी म्हणजे रान नव्हे," मी बजावते.

"नव्हेच. रान तुम्हाला भीत नाही."

मी पदर सावरून बाकावर ताठ बसते.

"पोरगी स्वतः काय म्हणते?"

"तुम्ही म्हणाल तसे, आजीसाहेब, असे म्हणते."

"वाटलेच." ते खाली वाकून माती चिवडतात. "शाळूच्या पेरणीचा मुहूर्त दरवर्षी तुम्ही काढायचात."

"आणि दरवर्षी कणसे कशी भरायची, ते साऱ्या गावाने पाहिले आहे."

ते मिशीतल्या मिशीत हसतात. "मुहूर्ताला मी बांधाकडेला एक मूठ टाकून यायचो, तुमचा शब्द राहावा म्हणून. पेरणीची पाभर बैलांना जुंपायचो ती वाफसा आल्यावर."

"म्हणजे आयुष्यभर मला फसवलेत!"

"तुम्ही पेढे वाटायचात, मी खायचो. संसार काही वाईट झाला नाही."

रागवावे म्हणून मी तोंड उघडते आणि हसू फुटते. तेही हसतात, मग हसायचे थांबतात.

"या खेपेला बांधाकडेला टाकायला दुसरे बी नाही, सरकार."

मूठभर माती माझ्या तळव्यावर ठेवून ते माझी बोटे मिटवतात. "दाबून पाहा. गोळा सहज फुटला तर पेरायचे. नाही फुटला तर दम धरायचा." त्यांचा हात उबदार आहे. तो धरून ठेवावा म्हणून मी मूठ आणखी घट्ट आवळते.

"आजीसाहेब, चहा."

दारात ऋजुता उभी आहे. एका हातात कप, दुसऱ्यात फोन. "डॉक्टरांना गुरुवारचा होकार कळवू ना?"

"तुला काय वाटते?"

ती गोंधळते. हा प्रश्न या घरात तिला कोणी विचारलेला नसावा.

"मला... थांबावंसं वाटतंय. गोळ्या वाढवून पुन्हा तपासू, म्हणाल्या त्या. पण तुमचा मुहूर्त..."

"माझा आहे ना? मग मीच मोडते. थांबतो आहोत, असे कळव."

ती कप खाली ठेवते आणि न विचारता माझ्या पलंगाच्या कडेवर बसते. फोनवरून डॉक्टरांना निरोप पाठवते. मग एकदम पुढे वाकते.

"अहो, हाताला काय लागलंय तुमच्या?"

मी मूठ उघडते. काळ्या ओल्या मातीचा गोळा, त्यावर माझ्या चार बोटांचे ठसे. ऋजुता तो अंगठ्याने हलकेच दाबून पाहते. फुटत नाही.