दैवशालाचा हिवमणी

"मी रचलेली गोष्ट हाय ती! खोटी! किती डाव सांगू?"

"खोटी कशी? इहीर बराबर सांगितली की तू. चिंचंखालची, पडकी, उगवतीकडं पायऱ्या."

"आवं, मला दुसरी इहीर म्हाईत न्हाई म्हनून तीच घातली! गोष्टीत काय राजवाडा घालू?"

"दादा म्हन्ले, पायाळू बाईच्या तोंडून आलंय. दिसल्याबिगर आलं नसंल."

"तुमच्या दादांला माझ्या हातची भाजी खारट लागती, अन् तोंडचं सगळं खरं वाटतं व्हय?"

एरवी अंगद हसला असता. बायकोचे टोमणे त्याला आवडायचे. आज तो हसला नाही.

दैवशाला जन्मली परतूरकडच्या एका खेड्यात, पायांकडून. सुईणीला डोक्याआधी दोन चिमुकल्या टाचा दिसल्या आणि त्या टाचांनीच पोरीचं नशीब लिहिलं. चार वर्षांची असल्यापासून उसण भरलेली माणसं तिच्यापुढं ओट्यावर पालथी पडायची. "लाव गं पाय, दैवशाले!" पाठीला पाय लावला की कुणी गूळ द्यायचं, कुणी मूठभर शेंगा. पण आभाळ गडगडलं की आई तिला धरून बाजेखाली कोंबायची. पायाळूवर वीज पडते म्हणे! तिथं अंधारात, जीव मुठीत धरून, तिनं उलटनगर रचलं.

उलटनगरात झाडांची मुळं आभाळात असतात, सूर्य विहिरीच्या तळातून उगवतो, आणि झाडून सगळी माणसं पायांकडूनच जन्मतात. कुणाला कुणाचं नवल नाही. त्या नगरात एकच हिवमणी. डाळिंबाच्या दाण्याएवढा, आतून निळा. तो ज्याच्या मुठीत, त्याला भीती शिवत नाही. पोरपणी तिला दुसरं काय हवं होतं?

लग्न होऊन ती राजूरच्या अलीकडं अंगदच्या गावात आली. कापूस वेचताना बायांना ती गोष्ट सांगू लागली. सांगता सांगता रंग चढला, आणि थोड्या मिजाशीत तिनं नवा तुकडा जोडला: हिवमणी उलटनगरातून निसटून आपल्याच गावच्या विहिरीपाशी पुरला गेलाय, आणि तो सापडायचा तर पायाळूची टाच पाहिजे. मणी खाली असला की टाचेला हीव भरतं. बाया खूश! शेजारच्या बेबीनंदानं सगळं मोबाइलवर रेकॉर्ड केलं, गावभर पाठवलं. ते थोरल्या दिरानं, बद्रीनाथनं ऐकलं, आणि कुठल्याशा महाराजाला ऐकवलं.

महाराजानं मणी काढायला अमावस्येची रात्र ठरवून दिली, आणि ती आता परवावर आली होती.

"तू फक्त उभी ऱ्हायचं," अंगद म्हणाला. "टाच गार पडली की सांगायचं. जल्दी मोकळी."

"अन् न्हाई पडली तर?"

"पडंल."

"पडली, तुमी खोदलं, अन् मातीच निघाली, तर? महाराज काय म्हनतेत मंग? 'चुकलो, माफ करा' म्हनतेत?"

अंगदनं नजर दाराकडं वळवली.

"मी आत्याकडं जाते भोकरदनला. चार दिस."

"अमावस्या होऊ दे. मंग जा." मग जरा मवाळ होत, "दादांनी नवं लुगडं आनलंय तुला."

दैवशालाच्या हातातली परात खाली आली. चौदा वर्षांत ज्या माणसानं सुपारीचं खांड दिलं नाही, त्यानं लुगडं आणलं!

"आवं," ती म्हणाली. "काल जाऊबाई आल्त्या. म्हन्ल्या, सरळ उभी ऱ्हा, माप घेते. दोरा धरला अन् टाळूपासून टाचेपर्यंत मोजलं. मी हसले. म्हन्लं, पोलक्याचं माप असं कुठं घेतेत? त्यांनी दोऱ्याला गाठ मारली अन् गेल्या. वर बघितलं न्हाई माझ्याकडं."

अंगद चपलेचा अंगठा चाचपत राहिला.

"आज सकाळी इहिरीवर गेल्ते. चिंचंखाली खड्डा केलाय. मणी शोधनारं मानूस गोल खोदतं, खोल खोदतं. ह्यो लांबट हाय." तिनं ओठ चावला. तिथं उभं असताना तिची टाच खरंच गार पडली होती. भीतीनं, दुसरं काय? पण हे तिनं त्याला सांगितलं नाही; मेली तरी सांगणार नव्हती. "मी काठावर बसले अन् हातानं मापला. साडेतीन हात भरला. माझ्या उंचीएवढा."

बाहेर बद्रीनाथच्या मोटारसायकलचा आवाज आला. येऊन थांबला. हॉर्न वाजला.

"सांगा ना. तुमाला म्हाईत हाय. माझ्याकडं बघून सांगा, खड्डा कुनासाठी हाय?"

अंगद उठला. दोरीवरचा गमछा ओढून खांद्यावर टाकला, लुगड्याची पिशवी तिच्या पुढ्यात ठेवली, आणि मान खाली घालून बाहेर पडला.