दिल्लीआधी जळगावात लागू झालेला कायदा

सर्व संबंधितांस, आणि ज्यांचा काडीचा संबंध नाही त्यांसही, गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, महायुद्धाच्या काळात दिल्लीच्या कायदेमंडळाने मंजूर करण्यापूर्वीच एक कायदा जळगाव जामोद येथे लागू झाला होता. तो लागू करणारा इसम मीच. त्यासाठी मला ना मतं लागली, ना कुणाची सही. वाटीभर खळ आणि एक कात्री पुरली.

तेव्हा वऱ्हाडाचा कारभार मध्यप्रांताबरोबर नागपुराहून चालत असे, आणि मीही नागपुराहूनच वकिलीची परीक्षा पास होऊन, नवा काळा कोट घेऊन जळगावला आलो होतो. एका जुन्या वकीलसाहेबांच्या हाताखाली बसत असे. कोट उत्तम होता, अशील एकही नव्हता. म्हणून साहेबांनी मला पुस्तकं दुरुस्त करायला दिली.

कायद्याचं पुस्तक एकदा छापलं की छापलं, असं लोकांना वाटतं. तसं नसतं. कायदा बदलला की छापून आलेले नवे शब्द कापून, मागे खळ लावून, जुन्या कलमाशेजारी चिकटवायचे. साहेबांची पुस्तकं अशा चिठ्ठ्यांनी फुगून मिटेनाशी झाली होती.

एके दिवशी सरकारी गॅझेटात एक विधेयक छापून आलं. संरक्षणाच्या कायद्यात बदल, आणि शेपटाला इतर चार-पाच कायद्यांतही बदल. विधेयकाची भाषा मला फार आवडे. त्यात गोष्ट नसते, नुसत्या शिंप्याला द्याव्यात तशा सूचना. इथे दोन शब्द घाला, तिथला एक उसवा, हे कलम जरा ढिलं करा.

त्या शेपटात एक लहानसा बदल होता. लढाईवर गेलेल्या शिपायावर दिवाणी दावा असेल, तर तो परत येईपर्यंत तहकूब ठेवावा, असा नियम आधीपासून होता. त्यात शिपायाच्या जोडीला पलटणीबरोबर काम करणारे इतर लोकही घालावेत, असं विधेयक म्हणत होतं. नुसतं म्हणत होतं. विधेयक म्हणजे प्रस्ताव. तो मांडतात, त्यावर भाषणं होतात, समिती त्याचा कीस काढते, एकेका कलमावर मतं घेतात, शेवटी वरून संमती येते आणि मग कुठे त्याचा कायदा होतो. परीक्षेत याच प्रश्नाला मला चांगले गुण होते. पण छापील मजकूर दिसला की माझे हात शिवशिवत. मी ते शब्द कापले आणि चिकटवून टाकले.

त्याच दिवशी साहेब कामासाठी बुलढाण्याला गेलेले असताना एक बाई आल्या. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात त्यांचं भाजीपाल्याचं रान होतं. नवरा पलटणीबरोबर गेलेला, आणि दिराने वाटणीचा दावा लावलेला. त्याला विहिरीकडचा तुकडा हवा होता. तारीख सोमवारची होती.

"दिराचं म्हणणं हाय का त्याईची खबर येत नाई, आताच वाटून टाका," बाई म्हणाल्या. "खबर नाई म्हंजे माणूस नाई, असं असते का जी?"

"शिपाई आहेत का ते?"

"नाई. खेचरं सांभाळतात. बंदूक नाई भेटली त्याईले, खरारा भेटला."

मी उठलो, कोटाची बटणं लावली आणि पुस्तक उघडलं. चिठ्ठी अजून किंचित ओली होती. नाटकातला राजा फर्मान वाचतो तसं ते कलम मी वाचलं, मग मराठीत सांगितलं. त्यांनी चिठ्ठीवर हलकेच बोट ठेवलं.

"हे खेचरवाल्यायसाठी लिवलं?"

"अगदी तुमच्यासाठी. ते येईपर्यंत दावा थांबणार."

त्यांनी पदराने डोळे टिपले आणि उन्हात चालत्या झाल्या. माझा पहिला अशील. मी दिवसभर कोट काढला नाही.

चौथ्या दिवशी साहेब परतले. पुस्तक चाळता चाळता त्यांचं बोट थांबलं.

"काय राजेहो, हे कधी पास झालं?"

"गॅझेटात आलं आहे."

"गॅझेटात आलं म्हणजे मांडलं. मुलगा मुलगी पाहायला आला म्हणजे लग्न लागलं का?" मग त्यांना संशय आला. "कुणाला सांगितलं तर नाही ना?"

मी सगळं सांगितलं.

"नुसतं सांगितलंत, की आवाज लावून वाचलंत?"

"आवाज लावून."

साहेबांनी डोळे मिटले. "सोमवारी तहकुबीचा अर्ज देऊ, पण मुन्सफ तो मान्य करतीलच असं नाही. आधी जाऊन त्या बाईला खरं सांगा. आणि तो कोट इथे ठेवून जा."

सायकल मारत गेलो. पाहतो तो विहिरीवर मोट चालू होती आणि बाई वाफ्यात पाणी वळवत होत्या. बैलांमागे एक रापलेला गडी होता. हाच तो दीर.

"तुमचं कलम सांगितलं म्या यायले," बाई हसून म्हणाल्या. "दोन दिस बोलले नाई. मंग बैल घेऊन आले."

"वांगे वाळून राह्यले होते," तो माझ्याकडे न पाहता म्हणाला. "भांडण वहिनीसंग हाय. वांग्यायनं काय केलं माह्यं?"

मी बांधावर उभा राहून माझी चूक सांगितली. चिठ्ठी, खळ, विधेयक, समिती, सगळं. बाईंचं हसू विझत गेलं. पाणी वाफा भरून बाहेर वाहू लागलं, तरी त्यांनी ते वळवलं नाही.

"म्हंजे सोमवारी तुकडा जाऊ शकते?"

"जाऊ शकतो."

"मांगच्या पत्रात लिवलं म्या त्याईले," त्या हळूच म्हणाल्या, "का तुम्ही याल तव्हा विहिरीकडचं रान हिरवंच दिसन."

दिराने बैल थांबवले. मोट अर्ध्यावर लटकत राहिली.

"म्हंजे माहा दावा चालते?" त्याने मला विचारलं.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मी माझ्या अशिलाची बाजू किती लंगडी आहे, हे विरुद्ध पक्षाला त्याच्या समोर उभं राहून तपशीलवार समजावून सांगितलं होतं. पुढे मी पुष्कळ मूर्खपणा केला, पण एवढा मन लावून पुन्हा कधी केला नाही.

"चालतो," मी म्हणालो. बाई त्याच्याकडे पाहत नव्हत्या, वाहून जाणाऱ्या पाण्याकडे पाहत होत्या. ते मला पाहवेना, म्हणून मी पुन्हा सुरू झालो, "आता दिल्लीत सभासद मतं देतील, मग वरून संमती येईल, आणि त्यानंतर तुमच्या भावाची वाट पाहणं कायद्याने..."

समोर वकील उभा आहे, हे तो साफ विसरला असावा, कारण हातातला कासरा त्याने आपटला आणि म्हणाला, "भाऊ माहा हाय बे. त्याची वाट पाहाले मले दिल्लीची मंजुरी काऊन लागन?"