स्नेहलच्या चाकांमागे सोलापूरला

"मावशी, रविवारी शर्यत आहे, आणि या वेळी आपल्या सोलापुरातच. येतीस का? बहुतेक शेवटचीच."

भाचीचा फोन आला तेव्हा मी गॅससमोर उभी होते. शेवटची हा शब्द ऐकला आणि दूध उतू गेलं. अगं बये, पंचविशीत कसलं शेवटचं? पण स्नेहल ही काही रडून सांगणारी मुलगी नाही. ती माझ्या धाकट्या बहिणीची, सुनंदाची, एकुलती एक. सहाव्या वर्षी सोसायटीच्या पार्किंगमध्ये पायाला चाकं बांधली आणि तेव्हापासून ती उतरवलीच नाहीत म्हणा ना. स्पीड स्केटिंग. जिल्हा झाला, राज्य झालं, राष्ट्रीय स्पर्धा झाल्या, घरातलं एक आख्खं कपाट पदकांनी अडलं. भारताच्या संघात मात्र एकदाही नाव लागलं नाही.

तर हिशेब असा होता. रविवारच्या निवड शर्यतीत पहिल्या दोघी राष्ट्रीय स्पर्धेला जाणार. त्यात आली तर आणखी एक वर्ष खेळायचं आणि भारताच्या संघासाठी शेवटची धडक मारायची. नाही आली तर पुण्यातली नोकरी तयार होती. सोमवारी होकार कळवायचा आणि स्केट्स माळ्यावर टाकायचे.

मी नवऱ्याला म्हटलं, "तुमचं जेवण फ्रीजमध्ये आहे," आणि शुक्रवारी सकाळी गाडी काढली.

पुणे-सोलापूर रस्ता म्हणजे हडपसर पार करेपर्यंत शिव्या आणि नंतर नुसतं सुख. जाणार असाल तर सातच्या आत शहर सोडा, मी आठला निघाले आणि पस्तावले. भिगवणला मासे खायचे हा आमच्या घरचा नियम आहे, तो एकटीनेही पाळला. थाळी तीनशेच्या आतबाहेर, चिलापी ताजी, रस्सा असा झणझणीत की नाक पुसत पुसत जेवावं लागतं. थंडीचे दिवस होते, उजनीच्या पाण्यावर पक्षी उतरले होते. तासभर वेळ असेल तर नावेतून जवळ जाता येतं. मला नव्हता. टेंभुर्णी, मोहोळ करत दुपारी दोनला जुळे सोलापुरात पोचले. तिथे गल्ल्या सगळ्या सारख्या आणि मोबाइलवरची बाई सारखी "डावीकडे वळा" म्हणते. शेवटी एका रिक्षावाल्याला विचारलं. तो म्हणाला, "चाकावाल्या पोरीचं घर का? माझ्या मागनं या की." आणि थेट दारात आणून सोडलं.

दार उघडताच समोर चपलांचं कपाट आणि त्याच्या वर एक मोठा फ्रेम केलेला फोटो. फोटोत दोन मुली शर्यतीची रेषा ओलांडताहेत. स्नेहलचे दोन्ही हात आकाशात, तोंडभर हसू. शेजारी दुसऱ्या राज्याची एक मुलगी कमरेत दुमडलेली, एक पाय पुढे फेकलेला, चेहरा हेल्मेटखाली गडप.

मी बूट काढतेय तोच शेजारच्या नव्या बिऱ्हाडातल्या बाई हळदीकुंकवाचं बोलावणं घेऊन आल्या. फोटो बघून म्हणाल्या, "अय्या, पहिली आली तेव्हाचा का?"

सुनंदाचं तोंड कडू झालं. स्नेहलच आतून म्हणाली, "नाही काकू, दुसरी आले तेव्हाचा. पहिली ती, वाकलेली."

त्या बाई गोंधळल्या, तशी मीही पूर्वी गोंधळले होते. म्हणून एकदाच सांगते, लक्षात ठेवा. या खेळात छाती रेषेला लागून उपयोग नाही, डोकं नाही, आणि हात तर नाहीच. स्केटच्या पुढच्या चाकाचं टोक ज्याचं आधी लागेल तो पुढे. म्हणून शेवटच्या क्षणी खाली बसून पाय पुढे लोटायचा, चाक जमिनीवरून न उचलता. हात वर केले की माणूस ताठ होतो आणि पाय मागे राहतात. तीन वर्षांपूर्वी राष्ट्रीय अंतिम फेरीत स्नेहल सगळ्यांच्या पुढे होती आणि रेषेच्या वीतभर अलीकडे तिनं हात वर केले. भारताच्या शिबिराचं बोलावणं फक्त पहिलीला आलं.

"किती वेळा म्हटलं, काढून टाक तो फोटो," सुनंदा म्हणाली. "येणारा जाणारा जखमेवर बोट ठेवतोय."

"राहू दे आई. रोज बूट घालताना दिसायला पाहिजे."

मला त्या पोरीचं असं कौतुक वाटलं की काय सांगू! मी असते तर तो फोटो कधीच तळ्यात बुडवला असता.

रात्री जेवायला कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही आणि लसणाची फोडणी दिलेली आमटी. (कडक भाकरी शहरात कुठेही मिळते, महिनाभर टिकते, घेऊन या. चादरी तर घ्यालच.) जेवण उरकल्यावर स्नेहलचे वडील, प्रकाशराव, वर्तमानपत्र अंथरून चाकांची बेअरिंग्ज रॉकेलमध्ये धुवायला बसले. कचेरीतून निवृत्तीला आलेला माणूस, पण बेअरिंग कानाशी धरून फिरवतात आणि आवाज आवडला नाही तर बाजूला ठेवतात.

"ही माझी आमटीची वाटी आहे," सुनंदा ओरडली.

"होती," प्रकाशराव म्हणाले.

शनिवारी पहाटे बापलेकीसोबत सरावाला गेले. सोलापुरात शहराबाहेर प्लॉटिंगचे रस्ते आहेत. प्लॉट विकले गेलेत, पाट्या लागल्यात, डांबर गुळगुळीत, आणि घर एकही नाही. स्नेहलचं सगळं करिअर या न बांधलेल्या बंगल्यांच्या गल्लीत घडलंय. प्रकाशराव स्कूटरवर पुढे, ती मागे हातभर अंतरावर, कमरेत वाकून, हात पाठीवर, वडिलांच्या पाठीनं अडवलेल्या वाऱ्याच्या आडोशाला. त्यांनी एकदाही मान वळवली नाही. मान वळली की स्कूटर हलते आणि स्कूटर हलली की ती पडते. लेक त्यांना दिसते ती फक्त आरशात.

रस्त्याच्या कडेला एक धनगर जोडपं मेंढरं अडवून उभं होतं. दरवर्षी सांगोल्याकडून येतात, इथल्या शेतांत खतासाठी मेंढरं बसवतात. बाईनं मला विचारलं, "कुटनं आलाय?"

"पुण्याहून. मी मावशी तिची."

"लई पळती बगा पोरगी. ती जाईस्तवर आमी मेंढरं सोडत न्हाय."

"का हो?"

"लेंड्या पडल्या की चाक घसरतंय न्हवं! एकदा पडली हुती हितंच, गुडगा फुटला. तवापास्नं आदी ती, मग आमी."

मेंढरं बें बें करत खोळंबली होती आणि मालक त्यांना दटावत होता, "थांबा की जरा, काय घाई हाय!" एका मुलीच्या चाकांसाठी आख्खा कळप वाट बघतोय, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

रविवारी शर्यत आठची. प्रमुख पाहुणे आले पावणेदहाला. मग शाल, नारळ, सत्कार, आणि "मी फार वेळ घेणार नाही" म्हणून सुरू झालेलं भाषण. मुली पाय गार पडू नयेत म्हणून जागच्या जागी उड्या मारताहेत आणि पाहुणे बालपण सांगताहेत. माझा असा संताप झाला की मी मध्येच जोरात टाळ्या वाजवल्या. लोकांना वाटलं भाषण संपलं, सगळ्यांनीच वाजवल्या, आणि ते खरंच संपलं. या सहलीतलं माझं एकमेव कर्तृत्व, नोंद व्हावी.

प्रकाशराव ट्रॅककडे पाठ करून उभे राहिले. मला वाटलं काहीतरी शोधताहेत.

"ते बघत नाहीत," सुनंदा पुटपुटली. "नुसतं ऐकतात."

पाच फेऱ्या होत्या. शिट्टी वाजली आणि बारा मुली माझ्यासमोरून सर्रकन गेल्या, उन्हात चाकांचा सरसर आवाज. दुसऱ्या फेरीतच नागपूरची एक उंच मुलगी सुटली ती सुटलीच, तिच्यामागे कुणी लागलंच नाही. म्हणजे जागा उरली एक. स्नेहल पाचवी. मग चौथी. शेवटच्या फेरीची घंटा झाली तेव्हा तिच्यापुढे नागपूरवाली सोडून एकच, निळ्या पोशाखातली, एकोणीस-वीसची असेल.

"वळणावर आहे ना ती? आतून येतीय," प्रकाशराव पाठमोरेच म्हणाले. खरंच आतून येत होती! माझा घसा बसला ओरडून. आमच्या मागची पोरं किंचाळत होती, "हाण की बे, हाण!" शेवटच्या सरळ पट्ट्यात दोघी खांद्याला खांदा. आणि निळीनं हात वर केले.

सगळं मैदान ओरडलं. टाळ्या, शिट्ट्या, सगळ्या निळीसाठी. स्नेहल मला दिसलीच नाही, खाली वाकलेली होती. सुनंदानं पदर तोंडाला लावला.

"गेली हो," मी म्हटलं. "त्या दुसरीनं हात वर केले."

"हात नका सांगू ताई," प्रकाशराव म्हणाले. अजूनही पाठच. "स्नेहलनं पाय टाकला का?"

मला खरंच आठवेना. मी हातच बघत राहिले होते, सगळ्या मैदानासारखी.

पंचांनी कॅमेऱ्याचं चित्र बघायला वेळ घेतला. तेवढ्यात निळीच्या घरच्यांनी पेढे उघडले होते. मग माईकवरून पुकारलं, दुसरा क्रमांक, स्नेहल, सोलापूर. अर्ध्या चाकाचा फरक. प्रकाशराव आता वळले, आणि चष्मा काढून शर्टाला पुसत बसले. पुसतायत, पुसतायत, चष्मा घालतच नाहीत. सुनंदानं आणि मी एकमेकींच्या गळ्यात पडून भोकाड पसरलं, त्यात लाज कसली?

स्नेहल मात्र आमच्याकडे आली नाही. ती गेली निळीकडे. ती पोर डांबरावर बसून हमसून हमसून रडत होती, आई हातात पेढ्यांचा पुडा धरून शेजारी उभी, काय करावं तिला कळेना. स्नेहल स्केट्सवरच उकिडवी बसली. मी पाणी घेऊन गेले होते म्हणून मला ऐकू आलं.

"आपला फोटो येईल," स्नेहल म्हणाली. "फाडू नकोस. घरी लाव. जिथं बूट घालतेस ना, तिथं."

मुलीनं मान वर केली. "ताई, तुम्हाला कसं माहीत मला फाडायचाय?"

"माझ्या घरी चल, दाखवते."

आणि गेल्या हो दोघी! संध्याकाळी ती निळी, तिची आई आणि ते पेढे, सगळे जुळे सोलापुरात. दारातल्या फोटोसमोर ती बराच वेळ उभी राहिली.

सोमवारी सुनंदाचा नवस म्हणून अक्कलकोट केलं. तासाभराचा रस्ता, गर्दी टाळायची तर पहाटे जा. अन्नछत्रात पंगतीला बसलो तेव्हा डावीकडे मराठी, उजवीकडे कन्नड, आणि मध्ये स्नेहल पुण्याच्या कंपनीला नकाराचा मेल टाईप करतेय. "एक वर्षानं विचारा असं लिहू का गं मावशी?" म्हणाली. मी म्हटलं, आधी भात संपव.

मंगळवारी पुण्यात परत. नवऱ्यानं फ्रीजमधलं काहीच खाल्लं नव्हतं, बाहेरून मागवलं होतं. पुढचं काय होईल ते स्नेहलच्या पायांनाच माहीत. भारताच्या संघात लागेल, कदाचित नाही लागणार. पण त्या प्लॉटिंगच्या रस्त्यावर या घटकेला पुन्हा स्कूटर पुढे आणि ती मागे असेल, आणि मेंढरं थांबली असतील.

शर्यतीचा फोटो आला, तो मी मोठा करून घेतला आणि आमच्या दारातल्या चपलांच्या कपाटावर लावला. काल पार्सल द्यायला आलेला मुलगा बघून म्हणाला, "तुमची मुलगी जिंकली का? हात वर केलेली?"

"नाही रे," मी म्हटलं, "ती शेजारची, वाकलेली. तोंड दिसत नाही तिचं. पाय बघ."