वजनअण्णांचा तळहात

दुकानदाराने वजनअण्णांना फसवलं. मला नाही, अण्णांना. माझं मशीन जळालं, ते मी पुन्हा उभं केलं. अण्णांचं जे गेलं ते भरून द्यायला अजून कोणी आलेलं नाही.

कॉम्प्युटरला वीज पुरवणारा जो लोखंडी डबा असतो, ज्याला सगळे एसएमपीएस म्हणतात, तो घेण्याआधी अण्णा तळहातावर ठेवून डोळे मिटायचे. खोक्यावरचा मजकूर वाचायचे नाहीत. दोन-तीनदा हात खालीवर करायचे आणि निकाल द्यायचे, "ह्यात निम्मी हवाच हाय." एकदा माझ्यादेखत त्यांनी सहा डबे परत केले. दुकानदार कळवळून म्हणाला, "अण्णा, स्टिकरवर साडेसातशे वॉट लिवलंय की!" अण्णा म्हणाले, "लिवायला शाई लागतीय. द्यायला तांबं लागतंय. शाईला वजन नसतंय."

अण्णा मूळचे कापड कारखान्यातले जॉबर, माग दुरुस्त करणारे. मागाचा आवाज ऐकून कुठला बोल्ट सैल झालाय ते सांगणारा माणूस. कारखाना बंद पडला तेव्हा पन्नाशीला आले होते. त्या वयात कॉम्प्युटर जोडायला शिकले. घरात तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी आणि बाजारात भांडायला दखनी, असा त्यांचा हिशोब होता. फळीवर नवीन सुटे भाग मांडले की म्हणायचे, "मागच हाय ह्यो. धागा दिसत नाही एवढंच."

मी वळसंगचा. सोलापुरात आलो तो टॉवेलांच्या घड्या घालायला. आज टॉवेल आणि चादरींची जेकार्ड डिझाइनं माझ्या ऑफिसात होतात. एकेक धागा कुठे वर येणार आणि कुठे खाली जाणार, हे पडद्यावर ठरतं. मोठं डिझाइन उघडलं की साधा कॉम्प्युटर गुदमरतो. म्हणून मोठं मशीन बांधायचं ठरलं आणि मी अण्णांना घेऊन बाजारात गेलो. भाव करायला मी, माल बघायला ते. ही जोडी बाजाराला माहीत होती.

मशीनचं कॅबिनेट मी आधीच पसंत केलं होतं. पुढे अख्खी काच, आत रंगीत दिवे. अण्णांनी ते सगळ्या बाजूंनी पाहिलं.

"वळसंगकर, वरात काढायचीय व्हय?"

"चांगलं दिसतंय की, अण्णा. गिऱ्हाईक येतंय ऑफिसात."

"गिऱ्हाईक भायेरनं बघंल. उन्हाळा आतनं बघंल."

मग त्यांनी दुकानातल्या देवापुढची उदबत्ती उचलली, आतले पंखे चालू करायला लावले आणि ती काचेसमोर धरली. धूर काचेला घासून वर निघून गेला. शेजारच्या जाळीदार कॅबिनेटसमोर धरली, तर धूर सरळ आत ओढला गेला आणि मागून बाहेर पडला. "ह्ये श्वास घेतंय. ह्येच घ्या." ग्राफिक्स कार्ड दीड वीत भरतं, म्हणून आत हात घालून त्यांनी वितीने जागाही मोजली. मी दुकानदाराशी अर्धा तास भांडायच्या तयारीने गेलो होतो, पण जाळीवालं स्वस्त निघालं. मला चुकल्याचुकल्यासारखं झालं.

आमच्या ऑफिसची भिंत मागांच्या शेडला लागून आहे. कापसाचे तंतू दिवसभर उडत असतात. अण्णांनी कॅबिनेटच्या पुढे आणि खाली चुंबकावर बसणाऱ्या बारीक जाळ्या लावल्या. एसएमपीएस खालून हवा घेतो म्हणून अख्खं कॅबिनेट जुन्या मागाच्या दोन लाकडी धोट्यांवर उचलून ठेवलं. आणि मला दम दिला, "दर सोमवारी जाळी काढून झटकायची. देवाला जाता तसं."

पण चूक त्याआधीच झाली होती. ती बाजारात झाली आणि ती माझी होती.

एसएमपीएसचा भाव दुकानदार सोडेना. मी माझी नेहमीची चाल केली. खुर्ची मागे सारली, "राहू द्या" म्हणालो आणि पायरी उतरलो. तिसऱ्या पावलाला हाक आली, "थांबा हो, तुमच्यासाठी आतनं काढतो." आतून दुसरा डबा आला. तेच नाव, तेच स्टिकर, माझा भाव. मला आभाळ ठेंगणं झालं. अण्णांनी डबा तळहातावर घेतला, डोळे मिटले.

"वजन हाय," ते म्हणाले. मग कपाळावर आठी आली. "पन वळसंगकर, ह्ये एका अंगावर झोपतंय."

"झोपू द्या की, अण्णा. भाव जागेवर आलाय."

"उघडून बघू का?"

"सील तुटलं की गॅरंटी गेली," दुकानदार घाईने म्हणाला.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी पैसे मोजले आणि म्हणालो, "चला." अण्णा उठले.

मे महिन्यात, भर दुपारी तीनला, मोठं डिझाइन चालू असताना फट्‌ असा आवाज झाला आणि मागून काळा धूर आला. मदरबोर्ड गेला, ग्राफिक्स कार्ड गेलं. अण्णा आले, डब्याचे स्क्रू काढले. आत एका बाजूला लहानसा सर्किट बोर्ड आणि दुसऱ्या बाजूला तीन बोटं रुंदीची, काळा रंग मारून चिकटवलेली सिमेंटची लादी. अण्णांनी ती उचकटून तळहातावर घेतली. डोळे मिटले. "ह्येच ते वजन," एवढंच म्हणाले.

मी दुकानात जाऊन जो दंगा केला तो पलीकडच्या गल्लीपर्यंत ऐकू गेला असेल. दुकानदार थंड. "माल वरनं आला तसा दिला. आणि पसंत कुणी केला? अण्णांनीच की. वय झालं. हात गेला त्यांचा." पायरीवर चार गिऱ्हाइकं उभी होती. आठ दिवसांत बाजारभर झालं, अण्णांचा हात गेला. पुढच्याच एका गिऱ्हाइकाने घरातला वजनकाटा आणून अदबीने विचारलं, "अण्णा, ह्याच्यावर बी बघू का?"

त्या दिवसापासून अण्णांनी डबा तळहातावर घेतला नाही. चष्मा लावून स्टिकर वाचायला लागले.

मी त्यांना म्हणालो, "अण्णा, तुमी सांगितलं होतं. मीच ऐकलं न्हाय."

"व्हय. पन मी बी गप बसलो की. तुमचा आनंद लई मोटा दिसत होता."

ते मला काहीबाही बोलले असते तर मी भांडलो असतो.

दिवाळीनंतर ते भिवंडीला मुलाकडे गेले, कायमचे. जायच्या दिवशी ऑफिसात आले. चहा घेतला नाही. वाकून कॅबिनेटची जाळी काढली, दारात नेऊन झटकली, पुन्हा बसवली. तो गुरुवार होता. "सोमवार इसरू नका," म्हणाले आणि गेले.

कॅबिनेट त्याच धोट्यांवर उभं आहे. आत नवा एसएमपीएस आहे. तो घेताना मी डोळे मिटून तळहातावर धरला, दोन्ही अंगांवर कलता करून पाहिला. सील तोडू देत नाही म्हणालेल्या दोन दुकानांतून उठून आलो. तिसऱ्याने तोडू दिलं. त्याने सांगितला तोच भाव दिला. आयुष्यात पहिल्यांदा.

ती लादी माझ्या टेबलावर आहे. दुकानदारसाहेब, माझा गुन्हा मी वर लिहिला आहे. ही लादी डब्यात कोणी घातली हे तुम्हाला माहीत नसेल, तेही मी मानतो. पण झाकण उघडू दिलं नाही ते तुम्ही, आणि "हात गेला" म्हणालात तेही तुम्हीच. त्याच पायरीवर, तसेच चार लोक उभे असताना सांगा, की अण्णांचा हात बरोबर होता. तुमच्या तोंडून, मोठ्याने, एकदा. अण्णा भिवंडीत आहेत, पण सोलापूरची बातमी तिथे पोचते.

यात मी घासाघीस करणार नाही.