गुळातलं कोहळं

लग्न होऊन नागपूरच्या महाल भागात आली त्याच आठवड्यात कुसुम सोनकुसरेने सासरी पहिल्यांदा कोहळं केलं. लाल भोपळ्याला इकडे कोहळंच म्हणतात. काटोलला तिच्या माहेरी त्याचा रस्सा करत नसत, तव्यावर भाजत. सालीसकट बोटभर जाड फोडी, लोखंडी तवा, जेमतेम तेल. पाणी घालायचं नाही, झाकायचं नाही, सारखं हलवायचंही नाही. एक बाजू काळपट तांबूस झाली की उलटायची. शेवटी चिमूटभर मीठ आणि गुळाचा चुरा टाकून गॅस बंद. गूळ फोडींच्या गरमीनेच वितळतो.

मारोतरावाने म्हणजे तिच्या नवऱ्याने एक फोड तोंडात घातली, तशीच बाहेर काढली आणि ताट सरकवलं.

"हे काय वं? भाजी आहे का प्रसाद?"

सासू हसली. कुसुमही हसली, नवीन होती म्हणून. त्यानंतर मारोतराव घरात असताना तिने कोहळं केलं नाही. तो कुठे लग्नाला, मयतीला गेला की ती तवा चढवायची. मुलगी मोनाली मोठी झाल्यावर दोघी ओट्यापाशी उभ्या राहून तव्यातूनच खायच्या.

मारोतराव तिखटाचा माणूस. सावजी रश्शाने कपाळावर घाम आला नाही तर त्याला जेवल्यासारखं वाटत नसे. लकडगंजात तो लाकडं चिरायच्या आरा मशीनवर कामाला होता. मशीनच्या आवाजात बोलता येत नाही, भुशाने घसा कोरडा पडतो, म्हणून तिथे सगळ्यांच्या गालात खर्रा. मारोतरावाचा पहिला खर्रा चहाच्या आधी असे. सुपारी, तंबाखू, चुना, पानठेल्यावर घोटून प्लॅस्टिकच्या पन्नीत बांधलेला. कुसुमने सुरुवातीला भांडून पाहिलं. एकदा तिने पन्नी नालीत फेकली, तर तो दोन दिवस बोलला नाही. मग तिने सोडून दिलं. गल्लीत न खाणारा माणूस शोधावा लागला असता.

मोनालीच्या साखरपुड्यात पाणीपुरीचा ठेला लावला होता. मारोतरावाने पुरी उचलली, ओठांपाशी नेली, आणि ती आत जाईना. त्याने ती हातातच फोडून खाल्ली. "पुऱ्या मोठ्या आहेत गा," तो ठेलेवाल्याला म्हणाला. लोक हसले. कुसुमने पाहिलं, बाजूची लहान पोरं त्याच पुऱ्या आख्ख्या गिळत होती.

घरी आल्यावर ती बोलली, तर तो उखडला. पण भाकरीचे तुकडे लहान होत गेले. मग तो भाकर रश्शात कुस्करून खाऊ लागला. एका रात्री त्याने रश्शाची वाटीच बाजूला केली.

"मसाला बदलवला काय? जाळून राहिला तोंड."

"तोच आहे जी. तुम्हीच आणला."

तो मानेना. तिच्या हाताला दोष देत राहिला. शेवटी लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आलेल्या मोनालीने त्याला जबरदस्तीने खुर्चीत बसवलं आणि मोबाईलचा उजेड त्याच्या तोंडात पाडला. उघडत होतं तेवढ्याच फटीतून तिने पाहिलं. गाल आतून पांढरा पडला होता आणि मागच्या बाजूला जखम होती. मोनालीने मोबाईल खाली ठेवला आणि ती न्हाणीत जाऊन रडली.

कॅन्सर निघाला. ऑपरेशन करून खालचा जबडा अर्धा काढला. मांडीची कातडी गालाला लावली. मग शेक सुरू झाला. रेडिएशनला वॉर्डात सगळे शेकच म्हणायचे, चुलीजवळ बसून घ्यायचा असावा तसा. मारोतराव घरी आला तेव्हा त्याचा चेहरा एका बाजूला ओढला गेला होता, आणि बोलणं फक्त कुसुमला कळायचं. बाकीचे 'हो हो' म्हणायचे.

नाकातली नळी निघाल्यावर चमच्याने भरवणं सुरू झालं. मीठ झोंबायचं. वरणातला हिंग झोंबायचा. मऊ भात घशात चिकटायचा. ताक पोटात जायचं, पण ताकावर माणूस किती दिवस काढणार? त्याचे खांदे खुंटीसारखे वर आले होते.

एके दिवशी बुधवार बाजारात तिला कापलेलं कोहळं दिसलं आणि तिने एक फाक घेतली. घरी तिने तवा तापत ठेवला. तो चिडेल, अशी भीती वाटत होती. चिडून वाटी फेकण्याइतकीही ताकद त्याच्यात उरली नव्हती, तरी भीती होतीच. फोडी तिने मंद आचेवर नीट भाजल्या, या वेळी साल काढून टाकली, गूळ घातला आणि चमच्याने घोटून, दुधाने सैल करून वाटी त्याच्यापुढे नेली.

"घ्या नं जी थोडं. झोंबणार नाई."

त्याने एक चमचा घेतला. थांबला. मग तोंड पुन्हा उघडलं, जेवढं उघडता येत होतं तेवढं. वाटी संपली.

त्या दिवशी कुसुमने मोनालीला फोन केला. "तुझे बाबा कोहळं खाऊन राहिले वं!" एवढंच सांगून तिने फोन ठेवला.

मग रोजच कोहळं. फाक कोवळी असेल तर पाणी सुटतं आणि भाजल्याचा वास लागत नाही, म्हणून ती चार ठेले फिरून पिकलेली फाक आणायची. गूळही निवडून घ्यायची. महिनाभर असं चाललं. एका दुपारी ती वाटी विसळायला उठली, तर त्याने तिचा पदर धरला.

"कसं लागते वं?"

"काय?"

"हे."

कुसुमला कळेना. तो खुणेने, अर्ध्या शब्दांनी सांगत राहिला. शेकाने त्याची चव गेली होती. कोहळं, ताक, औषध, सगळं त्याला ओल्या मातीसारखंच लागत होतं. कोहळं झोंबत नव्हतं, एवढंच. म्हणून तो खात होता.

ती खाली बसली. तिला राग आला, आणि राग कशाचा ते कळलं नाही. इतके दिवस ती फोडींचा रंग बघत गॅसपाशी उभी राहिली होती.

"मंग सांगितलं काहून नाई जी?"

"तू भाजून राहिली होती," तो म्हणाला.

त्याने वाटीकडे बोट दाखवलं, "तू खा. अन् सांग."

तिने नव्याने फोडी भाजल्या, माहेरासारख्या, सालीसकट. त्याच्यासमोर बसून एक तोंडात टाकली.

"गोड आहे."

"ते माहीत आहे."

तिने आणखी एक खाल्ली. भाजी तोंडात धरून असं शब्द शोधत ती कधी बसली नव्हती. "पहिले करपल्यासारखी लागते. जराशी कडू. मंग साल येते, थोडी चिवट. आतला गर मक्याच्या भाजल्या कणसासारखा आहे, पण ओला. गूळ मागून येते."

मारोतरावाने डोळे मिटले होते. "मीठ?"

"मीठ असं कळत नाई. नसतं तर कळलं असतं."

मग तो म्हणाला, "तू पहिल्यांदा केलं तेव्हा मी चव घेतलीच नव्हती."

सावजी रश्शाचं पण सांगू का, तिने विचारलं. तो हसल्यासारखा झाला. "ते मले पाठ आहे."

त्यानंतर मानेत गाठ आली. डॉक्टर काय म्हणाले ते मोनालीला माहीत होतं. कुसुमला सगळे सांगायचे, बरे होतील. नळी पुन्हा घातली. कोहळं बंद झालं. दिवाळीच्या आधी एका दुपारी, कुसुम उशीचा अभ्रा बदलत असताना, तो गेला.

तेरवीला आरा मशीनवरचे सगळे आले. पानठेलेवालाही आला, हात जोडून उभा राहिला. कुसुमने त्याला जेवायला बसवलं. जेवणं झाल्यावर माणसं मांडवाबाहेर घोळक्याने उभी राहिली, आणि ती गेल्यावर जमिनीवर खर्ऱ्याच्या पन्न्या पडलेल्या होत्या. मोनाली झाडू घ्यायला धावली. कुसुमने तिला थांबवलं आणि स्वतः सगळं झाडून काढलं.

थंडीत एकदा तिला फोन आला. नूपुरचा. वॉर्डात बाजूच्या खाटेवर पियूष नावाचा तरुण होता, तिशीही न ओलांडलेला, त्याची बायको. लकडगंजात राहायचे.

"काकू, तपासणीला भेटल्या तेव्हा तुम्ही सांगितलं होतं न, काकांना कोहळं देता म्हणून? मी करते तर पाणी पाणी होते. याले काहीच जाऊन नाई राहिलं."

मारोतराव गेल्यापासून कुसुमने कोहळ्यासाठी तवा चढवला नव्हता. तरी दुसऱ्या दिवशी पिशवीत पिकलेली फाक घेऊन ती ऑटोने गेली. नूपुरचा तवा नॉनस्टिकचा होता. कुसुमने लोखंडी मागितला, तो माळ्यावर निघाला. तिने घासून घेतला, तापवला.

"झाकण नको ठेवू. अन् सारखं हलवू नको, बसू दे त्याले."

"काका आता पोळी खाऊन राहिले असतील न?" नूपुरने विचारलं.

आतल्या खोलीचं दार उघडंच होतं. पलंगावर पियूष उशीला टेकून बसला होता, गालाला पट्टी.

"तवा तापला," कुसुम म्हणाली. "फोडी टाक."

पियूषने अर्धी वाटी खाल्ली. नूपुर खूश झाली, कुसुमला सोडायला खाली आली. ऑटो उभा होता. खोटं बोलून निघून जावं, असं कुसुमला वाटलं. पण बरे होतील, बरे होतील, हे तिने स्वतः फार ऐकलं होतं.

"काका दिवाळीच्या आधी गेले, वं."

नूपुरने फाटक धरलं. तिने विचारलं, "मंग तुम्ही आल्या काहून?"

"महिनाभर कोहळं पोटात गेलं होतं नं त्यांच्या," कुसुम म्हणाली.

ऑटोवाल्याने हॉर्न वाजवला. नूपुर वर गेली, पियूषला पाणी द्यायचं राहिलं होतं.