पाच तळ्यांच्या डोंगरावर वहिनी

जपानला जाणं झालं ते वहिनींच्या मुलामुळे. वहिनी म्हणजे मस्कतच्या वादी कबीर भागातल्या आमच्या बिल्डिंगीत समोरच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या. नात्याने माझ्या कोणीच नाहीत. मी पुण्याची, त्या मालवणजवळच्या एका गावच्या. मी शाळेत शिकवणारी, त्यांचे यजमान खालच्या रस्त्यावरच्या गॅरेजमध्ये मेकॅनिक आणि पुढे फोरमन. मस्कतला आलो नसतो तर आमची गाठ पडायचं काहीच कारण नव्हतं. पण पडली आणि वीसेक वर्षं टिकली. एसीमुळे दारं लावून घ्यावी लागत, एवढंच काय ते अंतर. त्या कधी बेल वाजवायच्या नाहीत. दार ढकलून सरळ स्वयंपाकघरात यायच्या आणि ओट्यावर झाकलेलं भांडं ठेवून म्हणायच्या, "बघ गो बाय, मीठ बरा आसा मां?"

त्यांचा एकुलता एक मुलगा माझ्या डायनिंग टेबलावर अभ्यास करून मोठा झाला. स्कूलबसमधून उतरला की दप्तर त्यांच्याकडे टाकायचा आणि वह्या घेऊन माझ्याकडे यायचा. पुढे भारतात इंजिनिअर झाला, तिथून जपानमधल्या एका कंपनीत लागला. राहायला एका समुद्रकाठच्या छोट्या गावात. फोनवर सारखं आईला म्हणायचा, "आई, एकदा ये ना. इथे समुद्र पण आहे, डोंगर पण आहे. तुला आवडेल."

वहिनींच्या यजमानांनी गुडघ्यांचं कारण सांगून अंग काढून घेतलं. वहिनी म्हणाल्या, "मी एकटी मत्राच्या बाजाराक सुद्धा जाणंय नाय, जपानाक खंय जातलंय?" आणि मग माझ्याकडे वळून, "तू येतलंस तर जातलंय."

मला वाटलं, थट्टा चालली आहे. पण त्या हटून बसल्या. मार्चअखेरीस माझ्या शाळेला सुट्टी असते. यांना विचारलं, तर हे पेपरातून डोकंही वर न काढता म्हणाले, "जा की. पुन्हा कधी जमेल, न जमेल." त्या वाक्याकडे मी तेव्हा लक्ष दिलं नाही.

मुलगा विमानतळावर आला होता. आईला मिठी मारली, मला वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "काकू, तुमची बॅग कुठे आहे? माझी गाडी खूप छोटा आहे." त्याचं मराठी मस्कतमध्येच तसं झालेलं. शाळेत इंग्रजी, खेळताना हिंदी, घरी मालवणी आणि माझ्याकडे पुण्याचं. चारांचं मिळून त्याचं त्याने काहीतरी केलं होतं आणि ते मला फार गोड लागायचं. गाडी खरंच इतकी छोटी होती की मागच्या सीटवर हलव्याचे डबे, लाडू, चिवडा आणि मी असे दाटीवाटीने बसलो.

शनिवारी तो आम्हाला डोंगरावर घेऊन निघाला. वरती बाग आहे, म्हणाला, तिथून एका बाजूला पाच तळी दिसतात आणि दुसऱ्या बाजूला समुद्र. रस्त्याच्या कडेने आलुबुखारासारख्या कुठल्याशा फळाच्या बागा होत्या, पान एक नाही आणि नुसती पांढरी फुलं. वहिनी काचेला नाक लावून बसल्या होत्या. एरवी टॅक्सीत अखंड बोलणाऱ्या बाई त्या दिवशी गप्पच होत्या. एकदाच म्हणाल्या, "डोंगर बघ कसो हिरवो." कोकणातल्या बाईने हिरव्या डोंगराचं नवल करावं, याची मला गंमत वाटली. पण आमच्या खिडकीतून इतकी वर्षं दिसला तो गवताची काडी नसलेला डोंगर. डोंगर म्हटला की तोच डोळ्यांसमोर येतो.

गाडीतळापासून माथ्यावर जायला दोन वाटा होत्या. एक केबलकारचा डबा, आणि त्याच्या शेजारून तारेवर टांगलेल्या खुर्च्या. एका खुर्चीत एकच माणूस, पाय खाली लोंबते. डब्यासाठी बरीच रांग होती. आम्ही रांगेत उभे राहिलो आणि वहिनी एकदम म्हणाल्या, "बाय, आपण त्या खुर्चेत बसान जावया."

मी बघतच राहिले. मॉलमधल्या सरकत्या जिन्यावर पाय ठेवताना ज्या माझा दंड धरतात, त्या या.

"आई, आर यू शुअर?" मुलगा म्हणाला.

"तू सामान घेवन डब्यातसून ये. यल्ला, चल बाय." आणि निघाल्यासुद्धा.

त्या पुढच्या खुर्चीत, मी मागच्या. खुर्ची मागून आली, गुडघ्यांना लागली, आणि आम्ही जमिनीवरून सुटलो. आधी मी डोळे मिटून घेतले, मग बरं वाटायला लागलं. खाली गवत, झुडपं आणि हळूहळू मागे पडणारी माणसं. वारा बोचरा होता. पुढे वहिनींची पाठ दिसत होती. मुलाचं निळं जाकीट, त्यावर आलेलं शालीचं टोक आणि खुर्चीचा दांडा घट्ट धरलेला एक हात.

अर्ध्याहून थोडं वर गेलो असू. वाऱ्याचा एक जोराचा झोत आला, खुर्च्या हलल्या आणि तार थांबली. कर्ण्यावरून कोणीतरी बाई अतिशय सौजन्याने काहीतरी सांगू लागली. त्यातलं आम्हाला एक अक्षर कळलं नाही. उतरणाऱ्या खुर्च्यांच्या रांगेतले एक वयस्क जपानी गृहस्थ नेमके आमच्या शेजारी येऊन थांबले होते. त्यांनी मान लववली, मीही लववली.

"वहिनी, घाबरू नका," मी ओरडले. "सुरू होईल आत्ता."

"माका काय भिया नाय," पुढून आवाज आला. मग तशाच, मान न वळवता, "बाय, आयकतंस?"

"काय?"

"आमी जातंव."

"कुठे?"

"गावाक. कायमचे. खलास."

वाऱ्यात नीट ऐकू आलं नाही असं मला वाटलं. खरं तर चांगलं ऐकू आलं होतं. "काय म्हणालात?" मी पुन्हा विचारलं.

"ह्येंच्या अर्बाबान, गॅरेजच्या मालकान, सांगल्यान. गॅरेज म्हातारा झाला, मी म्हातारो झालंय, तू पण म्हातारो झालंस. आता घराक जा, आराम कर. मे म्हयन्यात जातलंव."

"हे कधी सांगितलं त्यांनी?"

"दिवाळेक."

दिवाळीला! दिवाळीत आम्ही दोघींनी माझ्या घरी बसून करंज्या केल्या होत्या. त्यानंतर मत्रहच्या मासळीबाजारात कितीदा गेलो, समुद्राकाठी कितीदा फिरलो. एवढ्या काळात या बाईने तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं.

"आणि तुम्ही मला आत्ता सांगताय? इथे? लटकत?" माझा आवाज नको तितका चढला.

"तुझ्या तोंडाकडे बघून सांगूक माका जमला नाय."

"मग न सांगता गेला असतात! चावी ठेवायची माझ्याकडे आणि जायचं!"

"तसा नको बोलू गो."

"मी पाहिजे तसं बोलेन!"

शेजारचे गृहस्थ इतक्या निष्ठेने दूरवर पाहत होते की त्यांना मराठी येत असावं अशी मला शंका आली. वहिनींची पाठ आता हलत होती. त्या रडत होत्या, आणि मला हात पोचवता येत नव्हता. मला राग आला होता, तरी हात पुढे झालाच होता. तेवढ्यात तार धक्का देऊन सुरू झाली. ते गृहस्थ पुन्हा एकदा मान लववून खाली निघून गेले.

वर उतरल्यावर मी त्यांच्यासाठी थांबले नाही. मुलगा आधीच पोचला होता, दोन्ही हात पसरून म्हणाला, "काकू, बघा!"

मी बघितलं. खाली पाच तळी एकमेकांना खेटून पडली होती, मध्ये डोंगराच्या बारीक जिभा. प्रत्येकाचा रंग वेगळा. एक गडद निळं, एक हिरवट, एक जवळजवळ राखाडी. मुलगा सांगत होता, एकात गोडं पाणी आहे, एकात समुद्राचं, बाकीच्यांत दोन्ही मिसळलेलं, म्हणून असे रंग. आणि मागे वळलं की एकदम उघडा समुद्र. इतकं सुंदर होतं की माझा राग आणखीच वाढला. अशा ठिकाणी आणून कोणी असं सांगतं का?

"तुला माहीत होतं?" मी त्याला विचारलं.

त्याचा चेहरा पडला. "मला वाटलं आईने तुम्हाला सांगितला. लाँग बॅक." मग हळूच म्हणाला, "काकू, ती म्हणाली, काकू आली तरच मी येणार. नंतर चान्स नाही मिळणार म्हणून."

मी कठड्याशी उभी राहून बराच वेळ तळ्यांकडे पाहत राहिले. कोणाला रागवायचं हेच मला कळेना. आखातात आलेला प्रत्येक माणूस एक दिवस परत जाणार, हे आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत असतं. मुलांच्या शाळेतले मित्र जातात, शेजारी जातात, आपण निरोपाच्या जेवणाला श्रीखंड करून नेतो. पण वहिनी या हिशेबात धरलेल्याच नव्हत्या. माझ्या धाकटीच्या वेळी मी अंथरुणाला खिळले होते, तेव्हा तिला पहिली अंघोळ त्यांनी घातली. वादीला, त्या एरवी कोरड्या ओढ्याला, पूर येऊन वीज गेली तेव्हा दोन्ही घरं त्यांच्या हॉलमध्ये चटया टाकून झोपली. त्या जाणाऱ्यांतल्या नव्हत्याच.

बागेत समुद्राकडे तोंड करून गरम पाण्याची एक लांबट कुंडी होती. कडेला बसायचं आणि पाय पाण्यात सोडायचे. वहिनी तिथे जाऊन बसल्या होत्या. सलवार गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पाण्यात पाय, बोटांत जोडवी. एकट्याच बसल्या होत्या, आणि शेजारची जागा त्यांनी शाल ठेवून धरली होती.

मी शाल उचलून बसले. पाणी चांगलं कडक होतं. थंडीने आखडलेले पाय हळूहळू सुटले.

"मस्कतात कंतबच्या वाटेवरसून दर्या असोच दिसता," त्या म्हणाल्या.

"तिथे एवढी थंडी नसते."

"ह्या मात्र खरा." मग पाण्यात पाय हलवत, "माका भिया वाटता गो. गावाक घर बांधला, सगळा केला. पण थंय माका कोण वळखता? लगीन होवन थोडेच म्हयने ऱ्हवलंय, मग मस्कताक इलंय. जावा आसत, त्येंचा त्येंचा आसा. सकाळी दार उघडल्यार समोर कोण?"

"माड असतील."

"माड काय चाय पितत?"

मला हसू आलं आणि त्याबरोबर मघापासून आवरलेलं सगळंच बाहेर आलं. दोघीही पाय गरम पाण्यात सोडून हसत आणि रडत बसलो. मुलगा तीन आइस्क्रीमचे कोन सांभाळत आला आणि जागीच थबकला.

"काकू, तुम्ही रडतोय?"

"वारा आहे रे," मी म्हटलं. "दे इकडे ते."

आइस्क्रीम आंबटगोड होतं. वाटेतल्या त्या पांढऱ्या फुलांच्या झाडाचं फळ त्यात होतं म्हणे. वहिनींनी एकदा चाटून सांगितलं, "कोकमाची सर नाय." आणि सगळं संपवलं.

मग मुलाने मस्कतला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे अजून सकाळ होती. फोन उचलला वहिनींच्या यजमानांनी, पण मागे दिसत होतं ते माझं स्वयंपाकघर. दोघे पुरुष आमच्या टेबलावर नाश्ता करत होते. ब्रेड, अंडी आणि कालची सुक्या बांगड्याची किसमूर. मुलाने फोन फिरवून तळी दाखवली.

"बरी आसत," वहिनींचे यजमान म्हणाले. "मासे गावतत?"

मग हे पुढे वाकले. माझा चेहरा बघून म्हणाले, "कळलं वाटतं तुला."

"म्हणजे तुम्हालाही माहीत होतं?"

"मला आपलं असंच... गॅरेजवर गाडी नेली होती तेव्हा." मग घाईघाईने, "वहिनी, ती तुमची लसणीची चटणी कुठल्या बरणीत आहे हो?"

"खालच्या कप्प्यात, पिवळ्या झाकणाची," वहिनी आणि मी एकदमच म्हणालो.

सगळ्या जगाला माहीत होतं आणि मला नव्हतं. पण त्याचं आता वाईट वाटेना. मला सांगायला सगळेच घाबरले होते, एवढाच त्याचा अर्थ. बाग बंद व्हायची धून वाजेपर्यंत आम्ही तिथेच होतो. ऊन कललं तशी तळी एकेक करून मंदावली, समुद्र तेवढा चकाकत राहिला. उतरताना डब्यातून आलो. वहिनी माझा दंड धरून उभ्या होत्या, आणि या वेळी मी त्यांना धीराचं काही सांगितलं नाही. मलाच धरायला कोणी हवं होतं.

मेमध्ये ते गेले. मस्कतच्या विमानतळावर मी रडायचं नाही असं ठरवलं होतं आणि बऱ्यापैकी निभावलं. फ्लॅटमध्ये आता नागपूरचं एक तरुण जोडपं आलं आहे. भली माणसं आहेत, बेल वाजवून येतात.

जुलैमध्ये, आमच्या शाळेच्या उन्हाळी सुट्टीत, मी पुण्याआधी वहिनींकडे गेले. मनात धास्ती होती की त्या एकट्या, खंतावलेल्या असतील. त्यांच्या पडवीत पोचले तर बायकांची ही गर्दी. वहिनी मध्ये बसून मस्कती हलवा घरी कसा करायचा ते शिकवत होत्या. मला बघून धावत आल्या, मिठी मारली, पाठीवर हात फिरवला आणि म्हणाल्या, "बस गो जरा. ह्यो पाक झालो की इलंय. नायतर करपतलो."

मला बारीकसा हेवा वाटला, खोटं कशाला सांगू. मग त्यांच्या यजमानांनी पाण्याचा तांब्या आणून दिला, मी पायरीवर बसले आणि आतल्या हसण्याचा आवाज ऐकत राहिले. वहिनींचा आवाज त्यात सगळ्यांत मोठा होता.